आज्ञावलीतील गुंत्याची मोजदाद

एखादी आज्ञावली लिहून पुरी करणे हे एक काम. आणि तीच आज्ञावली दोन-चार वर्षांनी, मूळ लेखक दुसऱ्या कंपनीत निघून गेल्यावर, तिच्यातील एक अट बदलून व बाकीच्या अटींना धक्का न लावता पुन्हा चालती करणे हे दुसरे. यांपैकी दुसरे अधिक अवघड व अधिक खर्चाचे, याविषयी या व्यवसायात फारसे दुमत आढळत नाही. दुमत सुरू होते ते हा अवघडपणा नेमका कशात असतो, तो मोजता येतो काय, आणि मोजता आला तर त्या मापाच्या आधारे तो कमी करता येतो काय, या प्रश्नांपाशी. गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नांवर जे लिहिले गेले त्यात गणित आहे, मानसशास्त्र आहे, थोडाफार न्यायालयीन पुरावाही आहे. आणि इतके असूनही दररोज कोड लिहिणाऱ्या माणसाच्या पडद्यावर ‘या मेथडची जटिलता मर्यादेबाहेर गेली आहे’ असा लाल शेरा उमटतो, तेव्हा त्या शेऱ्याला किती मान द्यावा हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत आढाव्यात मुख्यतः एका फंक्शनचा अथवा मेथडचा विचार करावयाचा आहे. संपूर्ण प्रणालीची रचना हा त्याहून मोठा विषय असून त्याचा उल्लेख येथे प्रसंगोपात्तच येईल.

या चर्चेची पार्श्वभूमी १९६० नंतरच्या दशकातील आहे. नाटोच्या विज्ञान समितीच्या पुरस्काराने ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे जी परिषद भरली, तिच्यात मोठ्या आज्ञावल्या वेळेवर, खर्चाच्या अंदाजात आणि निर्दोष का तयार होत नाहीत याचा ऊहापोह झाला व ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे ‘गोटू’ आज्ञेविरुद्धचे सुप्रसिद्ध पत्र छापून आले होते. आणि त्याच्याही दोन वर्षे आधी, १९६६ साली, ब्यॉम व जाकोपिनी या दोघांनी क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन घडणींतून कोणतीही आज्ञावली रचता येते हे गणिताने सिद्ध केले होते. म्हणजे उड्या मारणारा कोड वाईट आणि सरळ वाहणारा कोड बरा, एवढे मत त्या काळी तयार झाले होते. परंतु किती वाईट आणि किती बरा, हे सांगणारा आकडा कोणापाशी नव्हता.

तो आकडा टॉमस मॅकेब यांनी १९७६ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दिला. मॅकेब यांनी फंक्शनकडे पाहिले ते आलेख-सिद्धांताच्या दृष्टीने: कोडचा प्रत्येक अखंड तुकडा हा एक बिंदू, एका तुकड्यातून दुसऱ्याकडे जाणारा प्रत्येक मार्ग ही एक कडा, आणि कडांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून तीत दोन मिळवले की त्या फंक्शनमधील परस्परस्वतंत्र वाटांची संख्या हाती येते. या संख्येला ‘सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी’ असे भारदस्त नाव असले तरी व्यवहारात ती काढण्याची रीत अगदी सोपी आहे. फंक्शनमधले निर्णय मोजावेत, म्हणजे प्रत्येक ‘इफ’, प्रत्येक लूप, ‘स्विच’मधील प्रत्येक ‘केस’ आणि संयुक्त अटीतील प्रत्येक ‘आणि’ व ‘किंवा’ मोजावा, आणि येणाऱ्या बेरजेत एक मिळवावा. ज्यात एकही निर्णय नाही अशा सरळसोट फंक्शनची जटिलता एक. एक ‘इफ’ आला की दोन.

मॅकेब यांची ही कल्पना टिकली याचे कारण तिच्यातील गणिताची नजाकत हे जितके आहे तितकेच तिच्यामागचा व्यावहारिक हेतू हेही आहे. त्यांना सौंदर्यशास्त्र लिहावयाचे नव्हते; फंक्शनची पुरती परीक्षा घ्यावयाची तर किमान किती टेस्ट लिहाव्या लागतील, हे त्यांना ठरवावयाचे होते, आणि स्वतंत्र वाटांची संख्या हेच त्याचे उत्तर होते. यावरून त्यांनी दहाची मर्यादा सुचवली, पण ती सुचवतानाच हा आकडा व्यवहार्य आहे, जादूचा नाही, अशी पुस्तीही जोडली. आणि जेथे एका निवडीखाली पुष्कळशा स्वतंत्र ‘केस’ एकापुढे एक येतात तेथे ही मर्यादा शिथिल करण्यास हरकत नाही, असा अपवादही स्वतःच नमूद केला. पुढे १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने वॉटसन व मॅकेब यांची या विषयावरील पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात पंधरापर्यंतची मर्यादाही यशस्वीपणे वापरली गेल्याचे सांगितले आहे. मात्र दहाच्या पलीकडे जाणाऱ्या संघाजवळ अनुभवी माणसे, काटेकोर आराखडा आणि टेस्टिंगची चोख योजना असावी, अशी अपेक्षा आहे. मूळ लेखकाने इतक्या सावधपणे मांडलेला दहाचा आकडा आज अनेक कचेऱ्यांत एखाद्या फर्मानासारखा वापरला जातो. वास्तविक ही मोजणी करणारी हत्यारे तयार करणाऱ्यांचेही या आकड्याविषयी एकमत नाही. जावासाठीच्या चेकस्टाइलमध्ये तो मुळातच दहा असतो आणि जावास्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंटमध्ये वीस.

मॅकेब यांच्यानंतर लगेच, १९७७ साली, पर्ड्यू विद्यापीठातील मॉरिस हॉलस्टेड यांनी ‘सॉफ्टवेअर विज्ञान’ म्हणून एक वेगळीच पद्धत मांडली. फंक्शनमधील क्रियाचिन्हे आणि त्या चिन्हांना लागणारी नावे व संख्या यांची मोजदाद करून, तीतून ‘आकारमान’, ‘काठिण्य’ व ‘श्रम’ अशा राशी त्यांनी सिद्ध केल्या, आणि श्रमाच्या राशीला अठराने भागले असता ते कोड लिहिण्यास लागणारा वेळ सेकंदांत मिळतो, असाही दावा केला. हा अठराचा आकडा जॉन स्ट्राउड या मानसशास्त्रज्ञाच्या, मेंदू सेकंदाला किती प्राथमिक निवडी करतो याविषयीच्या अनुमानावर बेतलेला होता, आणि इमारतीचा हाच खांब सर्वांत कच्चा निघाला. हॉलस्टेड यांची सूत्रे आज स्वतंत्रपणे फारशी कोणी वापरीत नाही. तथापि ‘मेंटेनॅबिलिटी इंडेक्स’ नावाच्या मिश्र निर्देशांकात मॅकेब यांचा आकडा, ओळींची संख्या आणि हॉलस्टेड यांचे आकारमान ही तिन्ही एकत्र कालवलेली सापडतात. अशा मिश्रणातून येणारी संख्या दिसायला नेमकी असते, पण ती खाली घसरली तर काय दुरुस्त करावे याचा तिच्यात कसलाच बोध नसतो. म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावर शोभण्यापलीकडे तिचा मला उपयोग दिसत नाही.

मापे आली तशी त्यांच्यावरची टीकाही आली. मार्टिन शेपर्ड यांनी १९८८ साली सायक्लोमॅटिक मापाची कठोर झडती घेऊन असे दाखवले की, पुष्कळ अभ्यासांत हे माप ओळींच्या संख्येची केवळ छाया ठरते आणि काही ठिकाणी तर साधी ओळींची मोजणीच त्याच्यापेक्षा चांगले भाकीत करते. २००१ मध्ये एल एमाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लासच्या मापांविषयी हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला: क्लासचा आकार विचारात घेतला की दोष आणि इतर मापे यांच्यात दिसणारा संबंध बहुतांशी विरून जातो. हा आक्षेप मोठा आहे. कारण तो खरा असेल तर सगळ्या हत्यारांच्या जागी ओळी मोजणारी एक आज्ञा पुरेल. परंतु लांडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जावातील एक कोटी शहात्तर लाख मेथडी व सीमधील त्रेसष्ट लाख फंक्शने तपासून असे दाखवले की, एकेका मेथडच्या पातळीवर ओळी आणि निर्णय यांच्यातील संबंध वाटतो तितका घट्ट नाही. आकडे फाइलवार किंवा क्लासवार एकत्र केले की तो घट्ट भासू लागतो, एवढेच. या दोन्ही पक्षांचे म्हणणे एकत्र ठेवले तर व्यवहाराला पुरेसा निष्कर्ष असा निघतो की, फाइलच्या किंवा मॉड्यूलच्या पातळीवर जटिलतेची बेरीज करून सांगणारा अहवाल बहुधा फाइल किती मोठी आहे हेच जड भाषेत सांगत असतो. एका मेथडविषयीचा आकडा मात्र काहीतरी निराळे सांगू शकतो.

दोषांचे भाकीत करण्यासाठी एखादे सार्वत्रिक माप सापडेल, ही आशाही फलद्रूप झाली नाही. नागप्पन, बॉल व झेलर यांनी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पाच प्रणाल्या तपासल्या. प्रत्येक प्रणालीत कोणते ना कोणते जटिलतेचे माप दोषांशी निगडित निघाले, पण पाचही ठिकाणी लागू पडेल असे एकही माप निघाले नाही. आपल्या प्रकल्पाच्या जुन्या नोंदींवरून कोणते माप आपल्याला उपयोगी पडते हे आपणच ठरवावे, असा त्याचा अर्थ. आणि तसे करणारे फार थोडे.

आता वाटांच्या संख्येविषयी एक शंका राहते. मॅकेब स्वतंत्र वाटा मोजतात, सर्व वाटा नव्हेत. एकाखाली एक असे दहा स्वतंत्र ‘इफ’ असले तर त्यांच्या रीतीने उत्तर अकरा येते, परंतु त्या फंक्शनमधून आरंभापासून शेवटपर्यंत जाण्याच्या प्रत्यक्ष वाटा एक हजार चोवीस असतात. ब्रायन नेजमे यांनी १९८८ साली या एकूण वाटा मोजणारे ‘एनपाथ’ माप सुचवून दोनशेची मर्यादा घातली. विचार चोख होता. पण त्याचा प्रचार कमीच झाला.

सामान्य प्रोग्रामरला मात्र वाटांपेक्षा वाचण्याची अडचण जाणवते, आणि तिथे मॅकेब यांचे माप उघडे पडते. दोन मेथडी घ्या. पहिलीत एक ‘स्विच’ आहे: एक आला तर ‘एक’, दोन आला तर ‘दोघे’, तीन आला तर ‘थोडे’, अन्यथा ‘पुष्कळ’ असा शब्द परत करायचा. दुसरीत एका मर्यादेपर्यंतच्या मूळ संख्यांची बेरीज आहे: बाहेर एक लूप, त्याच्या आत भाजक शोधणारा दुसरा लूप, त्याच्या आत एक ‘इफ’, आणि भाजक सापडला तर आतून थेट बाहेरच्या लूपच्या पुढच्या फेरीवर उडी. पहिली मेथड नजरेच्या एका फेरीत कळते. दुसरी वाचताना बोट धरून ओळी पाहाव्या लागतात. मॅकेब यांच्या रीतीने दोघींचा आकडा एकच, चार. सोनारसोर्स या कंपनीतील अॅन कॅम्पबेल यांनी हाच नमुना पुढे ठेवून ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ हे नवे माप मांडले. त्यात प्रवाह मोडणाऱ्या प्रत्येक रचनेला एक गुण, ती रचना जितक्या पातळ्या आत असेल तितके जादा गुण, ‘स्विच’ला तो कितीही लांब असो एकच गुण, आणि एकाच प्रकारच्या ‘आणि’च्या सलग साखळीला मिळूनही एकच. अशा हिशेबाने पहिल्या मेथडला एक गुण मिळतो आणि दुसरीला सात: बाहेरच्या लूपला एक, आतल्याला दोन, ‘इफ’ला तीन व त्या उडीला एक.

या मापाचा पाया गणितात नसून निरीक्षणात आहे, हे त्याचे बळ आणि तेच त्याचे वैगुण्य. आत जाणाऱ्या प्रत्येक पातळीला एकच गुण का, दीड का नाही, याला उत्तर नाही. तरीपण २०२० मध्ये मुन्योस बारोन, वीरिख व वाग्नर यांनी पूर्वीच्या दहा अभ्यासांतील चारशे सत्तावीस कोड-तुकडे व सुमारे चोवीस हजार मानवी मूल्यमापने एकत्र करून तपासली, तेव्हा हे माप कोड समजण्यास लागणाऱ्या वेळेशी आणि वाचकांनी स्वतः दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळते असे आढळले. उत्तर बरोबर येण्याशी आणि शारीरिक मोजमापांशी त्याचा संबंध मात्र संमिश्र निघाला. पायटेक व सहकाऱ्यांनी वर्षभराने एकोणीस प्रोग्रामरांचे मेंदू कोड वाचत असताना यंत्राखाली पाहिले आणि एक्केचाळीस मापांशी ताडून पाहिले. त्यांनाही या मापांची धाव मर्यादितच दिसली. चलांना दिलेली नावे, वाचकाला विषयाची असलेली ओळख, समोरच्या चौकटीत न दिसणाऱ्या पण दुसऱ्या फाइलीत ठरलेल्या गोष्टी, यांची यापैकी कोणत्याही मापाला दखल नसते; आणि जुना कोड वाचताना माणूस अडतो तो पुष्कळदा याच ठिकाणी.

हा आकडा न्यायालयापर्यंतही गेला. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २०१३ साली, २००५ सालच्या एका टोयोटा कॅम्री गाडीच्या अनावर वेगामुळे झाल्याचे म्हटलेल्या अपघाताविषयी जो खटला चालला, त्यात फिर्यादीचे तज्ज्ञ मायकेल बार यांनी साक्षीत सांगितले की, इंजिन-नियंत्रणाच्या आज्ञावलीतील सदुसष्ट फंक्शनांची सायक्लोमॅटिक जटिलता पन्नासच्या वर असून ती परीक्षेपलीकडची आहेत, आणि थ्रॉटलचा कोन ठरवणाऱ्या फंक्शनची तर शंभराच्या वर आहे. ज्यूरीने तीस लाख डॉलरची भरपाई देवविली; पुढील दंडात्मक भागाआधी प्रकरण तडजोडीने मिटले. याच प्रश्नावर नासाच्या अभियंत्यांनी आधी केलेल्या तपासणीत इलेक्ट्रॉनिक दोषच कारण ठरल्याचा पुरावा मिळाला नव्हता, व कंपनीनेही तो आरोप सतत नाकारला, हेही नमूद केले पाहिजे. माझ्या दृष्टीने या साक्षीतील लक्षात घेण्याजोगी बाब कारणमीमांसेची नाही. शंभराच्या वर स्वतंत्र वाटा असलेल्या फंक्शनविषयी ‘ते निर्दोष आहे’ असे प्रतिज्ञेवर सांगण्याची सोय कोणालाच राहत नाही, आणि मॅकेब यांचे माप मुळात ज्या कामासाठी होते त्या कामाला ते येथे नेमके लागू पडले.

याउलट उदाहरण फेब्रुवारी २०१४ चे. अॅपलच्या सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा उमटली होती. पहिली ‘इफ’च्या ताब्यात होती, दुसरी, दिसायला तितकीच आत सरकवलेली, प्रत्यक्षात कोणत्याही अटीखाली नव्हती. परिणामी पुढची तपासणी कधी चालतच नसे आणि सर्व्हरची सही न पडताळताच जोडणी मान्य होई. या जादा ओळीने निर्णयांच्या संख्येत एकाचीही भर पडली नाही. जटिलतेच्या मापाने पाहिले तर फंक्शन जसेच्या तसे. ही चूक पकडणारी तपासणी म्हणजे कोडचा एखादा भाग कधीच गाठला जात नाही हे दाखवणारी, किंवा ‘इफ’नंतर कंस सक्तीचा करणारी. गुंता मोजणे आणि दोष शोधणे यांत नाते असले तरी ती दोन निराळी खाती आहेत.

आता घट करण्याविषयी, कारण बहुतेक वाचकांना प्रश्न तोच असतो. एका ग्रंथालयाच्या आज्ञावलीतील उशिराचा दंड काढणारी मेथड कल्पावी. सभासदांचे चार प्रकार आहेत: साधारण, विद्यार्थी, आजीव आणि संस्था. प्रत्येक प्रकाराला सवलतीचे दिवस निराळे, दर निराळा, पुस्तक संदर्भविभागातील असेल तर तो दर आणखी निराळा, आणि दंड पुस्तकाच्या किमतीहून जास्त होऊ नये अशी शेवटची अट. सरळ बसून लिहिणारा माणूस प्रथम उशीर झाला आहे की नाही ते पाहतो, मग प्रकारांची ‘इफ-एल्स’ची साखळी लावतो, आणि प्रत्येक फांदीत सवलतीची एक व संदर्भग्रंथाची एक अशा दोन अटी घालतो. निर्णय झाले तेरा. सायक्लोमॅटिक आकडा चौदा. कॉग्निटिव्ह मापाने पाहिले तर प्रत्येक फांदीतील अट दोन पातळ्या आत असल्यामुळे आकडा तिसाच्या पुढे जातो. लाल शेरा येतो.

शेरा घालवण्याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक फांदी उचलून तिची स्वतंत्र मेथड करणे. साधारण सभासदाचा दंड, विद्यार्थ्याचा दंड, आजीवाचा, संस्थेचा, अशा चार छोट्या मेथडी झाल्या, प्रत्येकीचा आकडा तीन, आणि मूळ मेथडचा सहा. प्रत्येक आकडा दहाच्या आत, हत्यार संतुष्ट, रिव्ह्यू मंजूर. परंतु बेरीज करून पाहावी: चार त्रिक बारा आणि सहा, म्हणजे अठरा. निर्णय तेराचे तेराच राहिले, फक्त पाच ठिकाणी विखुरले, आणि उद्या सुट्टीचे दिवस दंडातून वगळण्याचा नियम आला तर तो चार ठिकाणी घालावा लागेल, त्यांतल्या एका ठिकाणी राहून जाईल.

दुसरा उपाय मेथड कापण्याऐवजी माहितीची मांडणी बदलण्याचा. चार प्रकारांच्या चार ओळी असलेले एक दरपत्रक करावे. प्रत्येक ओळीत सवलतीचे दिवस, नेहमीचा दर आणि संदर्भग्रंथाचा दर. मेथडला उरतात चार निर्णय: उशीर झाला काय, सवलत संपली काय, पुस्तक संदर्भविभागातील काय, आणि किमतीची मर्यादा ओलांडली काय. आकडा पाच. ज्येष्ठ नागरिक हा नवा प्रकार आला तर पत्रकात एक ओळ वाढते व कोडला हात लागत नाही. आणि ते पत्रक बरोबर आहे की नाही हे ग्रंथपालालाही वाचून सांगता येते, जे त्या ‘इफ-एल्स’च्या जाळ्याविषयी त्याला कधीच सांगता आले नसते. अर्थात दरपत्रकालाही मर्यादा आहे. आजीव सभासदांपैकी जे देणगीदार आहेत त्यांना अमुक, पण मार्चअखेर तमुक, असे अपवाद येऊ लागले आणि ते रकान्यांत होय-नाहीच्या खुणा करून बसवले, की पत्रक स्वतःच एक आज्ञावली होते, जिला ना कंपायलर ना टेस्ट.

या उदाहरणात जो फरक दिसतो तोच या विषयावरील साहित्याच्या मुळाशी आहे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये आज्ञावलीतील अंगभूत गुंता आणि आनुषंगिक गुंता असा भेद केला. दंडाचे नियम चार प्रकारचे आहेत हा अंगभूत गुंता. तेच नियम तेरा अटींत पसरले हा आनुषंगिक. पहिला कमी करण्याचा अधिकार प्रोग्रामरला नाही, तो ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला आहे. आणि खरे सांगायचे तर कार्यकारिणीकडे जाऊन ‘हे दोन प्रकार एकच केले तर चालेल काय’ असे विचारणे, हा जटिलता कमी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग आहे. दुसऱ्या गुंत्याविषयी मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या ‘रिफॅक्टरिंग’ या ग्रंथाने कारागिरांची एक भाषाच तयार केली. मेथड वेगळी काढणे, आत-आत जाणाऱ्या अटींऐवजी सुरुवातीलाच नकाराचे प्रसंग निकालात काढणे, प्रकारांवरील ‘इफ’ऐवजी प्रत्येक प्रकाराचा आपापला क्लास करणे, या सर्व युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. यातील दुसरी युक्ती विशेष मार्मिक आहे. एकात एक अशा तीन ‘इफ’ असतील तर मॅकेब यांचा आकडा चार, कॉग्निटिव्ह आकडा सहा. तेच तीन निर्णय उलटवून ‘हे नसेल तर येथूनच परत’ असे एकाखाली एक लिहिले तर मॅकेब यांचा आकडा चारच राहतो, पण कॉग्निटिव्ह आकडा तीनवर येतो. ज्याला जुने माप अजिबात पाहू शकत नव्हते अशी सुधारणा नव्या मापाला दिसते.

मेथड किती लहान असावी याविषयी मात्र जाणत्यांत उघड भांडण आहे. रॉबर्ट मार्टिन यांनी २००८ साली मेथडी जितक्या लहान करता येतील तितक्या कराव्यात असा आग्रह धरला. जॉन औस्टरहाउट यांनी २०१८ मध्ये त्याविरुद्ध उथळ व खोल अशी वर्गवारी मांडली: ज्या मेथडचा बाहेरचा तोंडवळा तिच्या आतल्या कामाइतकाच मोठा आहे ती उथळ, आणि अशा उथळ तुकड्यांचा ढीग वाचकाला उलट अधिक पाने चाळायला लावतो. खेळ-निर्मितीत प्रसिद्ध असलेले जॉन कार्मॅक यांनीही एकाच ठिकाणाहून बोलावली जाणारी फंक्शने पुन्हा मूळ जागी ओळीत घालण्याचा पुरस्कार केला होता, कारण त्यामुळे काय केव्हा घडते हे सलग दिसते. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षा-संवेदनशील कोडसाठी दिलेल्या दहा नियमांत फंक्शन छापील एका पानात, म्हणजे सुमारे साठ ओळींत मावावे असे म्हटले आहे. मला या भांडणात औस्टरहाउट यांचे पारडे जड वाटते. पाच ओळींची मेथड वाचून कळत असेल, पण ती चौदा मेथडींपैकी एक असेल आणि त्या चौदांतून एक नियम उमजायचा असेल, तर गुंता कमी झाला असे मी म्हणणार नाही.

हत्यारे आणि कचेरीचा कारभार यांविषयी थोडे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात आज्ञावलींच्या स्वयंचलित विश्लेषणाचे काम दीर्घकाळ झाले आहे, आणि परदेशी बँका व विमा कंपन्यांचा जुना कोड सांभाळण्यात या शहरातील अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत, तेव्हा हा विषय येथे परका नाही. येथील नेहमीचा अनुभव असा की, वरून हुकूम सुटतो: ‘सर्व मेथडी दहाच्या आत आणा, पुढच्या तिमाहीपर्यंत.’ मग वर ज्या पहिल्या उपायाचे वर्णन केले त्याचीच हजार आवर्तने होतात, ‘प्रोसेस वन’, ‘प्रोसेस टू’ अशा नावांच्या मेथडी उगवतात, आणि अहवाल हिरवा होतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात जे सांगितले होते, की नियंत्रणासाठी हाती घेतलेला सांख्यिकी संबंध कोसळू लागतो, त्याचा यापेक्षा निखळ दाखला सापडणे कठीण. त्याऐवजी ज्या संघांत ही मापे उपयोगी पडताना दिसतात तेथे नियम मवाळ असतो: जुन्या कोडचा आकडा आहे तो राहू द्या, पण कोणत्याही बदलाने तो वाढू देऊ नका, आणि मर्यादा ओलांडलीच तर रिव्ह्यूमध्ये कारण एका ओळीत लिहा. कारण लिहावे लागते म्हटल्यावर अर्धे लोक मेथड सुधारतात, आणि उरलेल्या अर्ध्यांचे कारण बहुतेक वेळा खरे असते.

जुन्या कोडचे काय, हा प्रश्न तरीही उरतो. ज्या मेथडचा आकडा साठ आहे आणि जिच्यावर एकही टेस्ट नाही तिला कात्री लावण्यापूर्वी, ती आज जे करते ते, चूक असो वा बरोबर, तसेच नोंदवणाऱ्या टेस्ट आधी लिहाव्यात, असा मायकेल फेदर्स यांचा २००४ सालचा सल्ला आजही कोणी सुधारलेला नाही. परंतु अशा मेथडी एका प्रकल्पात शेकड्यांनी निघतात, आणि सगळ्यांना पुरेल इतका वेळ कोणाजवळ नसतो. येथे अॅडम टॉर्नहिल यांनी २०१५ मध्ये मांडलेली रीत मला सर्वांत व्यवहार्य वाटते: जटिलतेचा आकडा आणि ती फाइल गेल्या वर्षभरात किती वेळा बदलली गेली याचा आकडा शेजारी-शेजारी ठेवावेत, आणि दोन्ही जेथे मोठे असतील तेथूनच कामाला लागावे. साठ आकड्याची जी मेथड आठ वर्षे कोणी उघडलेली नाही तिच्यावर आज खर्च करण्याचे कारण नाही. अठरा आकड्याची जी मेथड दर आठवड्याला कोणी तरी उघडतो आणि जिच्यात दर महिन्याला एक बग सापडतो, तिचा क्रमांक पहिला. बदलांची ही नोंद प्रत्येक रिपॉझिटरीत आधीच पडून असते. गिटच्या इतिहासातून ती काढून जटिलतेच्या यादीशी जुळवायला अर्धा दिवस पुरतो.